गॉल ब्लॅडर वेल डिस्टेंडेड आहे, घाबरू नका

मी एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करते. म्हणजे डॉक्टर अंधाऱ्या खोलीत पेशंटच्या पोटावर जेल लावून प्रोब फिरवतात आणि तोंडाने बोलत जातात, मी शेजारच्या कॉम्प्युटरवर तयार टेम्प्लेट उघडून त्यात बदल करत जाते, लिव्हर माइल्ड फॅटी, बाकी नॉर्मल, नेक्स्ट. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवते. काउंटरवर कुणी पाकीट उघडून "ताई, काय आलंय यात?" विचारलं तर आम्हाला सांगायची परवानगी नसते आणि ते बरोबरच आहे. पण नातेवाइकांना परवानगी-बिरवानगी कोण सांगणार. रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, वाकडा, अर्धा सावलीत, खाली "बघ गं जरा". तर ज्या शब्दांवरून माणसं सगळ्यात जास्त घाबरतात, किंवा उगाच निर्धास्त होतात (ते जास्त वाईट), ते एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

सोनोग्राफीपासून सुरुवात करू कारण तो माझा रोजचा प्रांत. "गॉल ब्लॅडर इज वेल डिस्टेंडेड" हे वाक्य जवळपास प्रत्येक पोटाच्या रिपोर्टमध्ये असतं आणि मराठी माणूस डिक्शनरीत डिस्टेंडेड बघतो, फुगलेलं असा अर्थ निघतो, की झालं. अहो, पित्ताशय फुगलेलंच हवं असतं! तुम्हाला उपाशीपोटी बोलावतात ते त्यासाठीच. काही खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतलं पित्त आतड्यात सोडतं, मग आत खडा आहे का, भिंत जाड आहे का हे नीट दिसत नाही. म्हणून वेल डिस्टेंडेड म्हणजे छान, तुम्ही चहाबिस्किट न खाता आलात. लघवीच्या पिशवीचंही तेच. पाण्याच्या बाटल्या पिऊन, पाय आवळून बाहेर बाकावर बसवलेलं असतं ना, ती पिशवी भरली एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं लाडकं वाक्य म्हणजे "पॅनक्रियाज ऑब्स्क्योर्ड बाय बॉवेल गॅस". यावरून आमच्या एका मावशींनी हरभऱ्याची डाळ आणि वाटाणे कायमचे बंद केले, रिपोर्टमध्येच गॅस निघाला म्हणून. सोनोग्राफीच्या लहरी हवेतून पलीकडे जात नाहीत, आणि पॅनक्रियाज, म्हणजे स्वादुपिंड, आतड्यांच्या मागे लपलेलं असतं. आतड्यात हवा सगळ्यांच्याच असते. डॉक्टर एवढंच सांगतायत की मधे हवा आली, मागचा अवयव मला नीट दिसला नाही. तक्रार यंत्राची आहे, तुमच्या पोटाची नाही. आणि खरंच पॅनक्रियाजबद्दल शंका असेल तर तुमचे डॉक्टर सीटी स्कॅन सांगतील, डाळ बंद करून ते दिसणार नाही.

"सीएमडी मेंटेन्ड" हे किडनीचं, बाहेरचा आणि आतला भाग वेगवेगळा ओळखू येतोय, म्हणजे चांगलं. "नो ई/ओ" म्हणजे नो एव्हिडन्स ऑफ, पुरावा दिसला नाही. हे लोक नेमकं उलटं वाचतात, "नो ई/ओ फ्री फ्लुइड" मधलं नो दिसतच नाही, फक्त फ्लुइड दिसतं आणि पोटात पाणी झालं म्हणून रडारड. "अनरिमार्केबल" म्हणजे लिहिण्यासारखं काही सापडलं नाही, रिपोर्टमध्ये यापेक्षा सुखाचा शब्द नाही. एनएडी म्हणजे नो अ‍ॅब्नॉर्मॅलिटी डिटेक्टेड, तेही सुखाचंच.

फॅटी लिव्हर ग्रेड वनबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. लोक ग्रेड आणि स्टेज एकच धरतात, म्हणजे ग्रेड वन म्हटलं की कॅन्सरची पहिली स्टेज असल्यासारखे चेहरे होतात, ते चूकच. सोनोग्राफीवरची ग्रेड म्हणजे लिव्हर पडद्यावर किती पांढरट दिसतंय त्याचा अंदाज, एक ते तीन. पण "सगळ्यांनाच असतं हो ग्रेड वन" म्हणून कागद कपाटात टाकणारे त्याहून जास्त, आणि त्यातल्या कित्येकांचं पोट आणि शुगर दोन्ही वाढत चाललेलं असतं. सगळ्यांना आहे म्हणजे ते नॉर्मल झालं असं थोडीच असतं!

आता हृदय. टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तिचा जो रिपोर्ट असतो त्यात "एलव्हीईएफ ६०%" असं लिहिलेलं असतं आणि शाळेत ३५ ला पास आणि ६० ला फर्स्ट क्लास या हिशेबात वाढलेले आपण लोक लगेच म्हणतो, म्हणजे चाळीस टक्के हार्ट गेलं! एका ओळखीच्या गृहस्थांनी तर या आकड्यावर मुलांना बोलावून कागदपत्रं कुठे ठेवलीत ते दाखवून ठेवलं. ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर ढकललं जातं तो आकडा. निरोगी माणसाचाही शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० मध्ये असतो. तेव्हा साठ म्हणजे धडधाकट. त्याच्या शेजारी "नो आरडब्ल्यूएमए" असेल तर हृदयाच्या भिंती सगळीकडे नीट हलतायत, आणि "ट्रिव्हियल टीआर" असेल तर एका झडपेतून किंचित रक्त मागे येतंय, जे निरोगी लोकांतही खूप जणांना असतं.

ईसीजीवर "नॉर्मल सायनस ऱ्हिदम" आलं की काही जण नाकाच्या डॉक्टरकडे जायची तयारी करतात. नाकाचा सायनस वेगळा. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड म्हणून एक जागा आहे, ठोक्याची सुरुवात तिथून होते. तिथूनच होतेय, म्हणजे ठीक.

याच विभागातला सगळ्यात मोठा घोळ म्हणजे हार्ट फेल. मराठीत "हार्टफेलने गेला" म्हणजे माणूस गेला, विषय संपला. आणि डॉक्टरांच्या कागदावर हार्ट फेल्युअर किंवा सीसीएफ हे समोर खुर्चीवर बसून पाणी पिणाऱ्या माणसाबद्दल लिहिलेलं असतं. तिथे त्याचा अर्थ पंप कमजोर झालाय, शरीराला हवं तेवढं रक्त पुरत नाही, म्हणून पायाला सूज, चालताना दम, आडवं झालं की खोकला. असा माणूस गोळ्यांवर वर्षानुवर्षं राहू शकतो. हार्ट अ‍ॅटॅक हे तिसरंच, हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी नळी तुंबते आणि तेवढा स्नायू मरायला लागतो, माणूस बऱ्याचदा शुद्धीत असतो, बोलत असतो. आणि कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदय बंदच पडलं, माणूस जागच्या जागी कोसळतो, तेव्हा छाती दाबायला लागायची असते. पेपरवाले हे सगळं एकाच "हृदयविकाराचा झटका" या गाठोड्यात बांधतात.

आणि अँजिओ! "काकांची अँजिओ झाली" असा ग्रुपवर मेसेज पडला की अर्धं घर म्हणतं स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) पडली, उरलेलं म्हणतं नुसती तपासणी. दोघांचंही बरोबर असू शकतं कारण शब्द अर्धाच लिहिलाय. अँजिओग्राफी म्हणजे नळीतून डाय सोडून फोटो काढणं, बघणं. अँजिओप्लास्टी म्हणजे फुग्याने ती जागा रुंद करणं, आता बहुतेक वेळा सोबत स्टेंट. ही फुग्याची करामत हृदयाच्या नळीवर पहिल्यांदा झाली १९७७ साली झुरिकमध्ये, आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी केली. तर मेसेज टाकताना ग्राफी की प्लास्टी एवढं लिहा ना बाबांनो, काकू तिकडे नवस बोलून मोकळ्या होतात.

असंच शेपटीवरून बरंच ओळखता येतं. शेवटी आयटिस म्हणजे सूज-दाह, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, स्कोपी म्हणजे नळीतून आत बघणं. अपेंडिसायटिस झाला की अपेंडेक्टॉमी. सुरुवातीला हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी, आणि ही दोन फोनवर सारखीच ऐकू येतात म्हणून थायरॉईडबद्दल कुणी सांगत असेल तर मी सरळ विचारते, वजन वाढतंय की घटतंय?

थायरॉईडवरून आठवलं, टीएसएच. याचा आकडा वाढला की लोक म्हणतात थायरॉईड वाढलं. आहे उलटं. टीएसएच थायरॉईडमधून येतच नाही, मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं, आणि ते म्हणजे मुकादमाची हाक. थायरॉईड नीट काम करत असेल तर मुकादम हळू बोलतो, कामचुकारपणा सुरू झाला की ओरडायला लागतो. म्हणजे टीएसएच जास्त तर थायरॉईड बहुधा मंद, टीएसएच अगदी कमी तर थायरॉईड बहुधा जोरात. मोठ्या माणसांत साधारण ०.४ ते ४ च्या आसपास नॉर्मल धरतात, लॅबप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे, आणि गरोदरपणात हिशेब वेगळा. "डोस वाढवला, आता टीएसएच खाली आलं, म्हणजे बिघडलं का?" असा प्रश्न मला येतो, तर नाही, त्याच्यासाठीच वाढवला होता.

रक्ताच्या रिपोर्टमधली ठळक अक्षरं हा एक स्वतंत्र छळ आहे. शेजारी जी रेंज छापलेली असते ती साधारण अशी काढतात की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसतील. म्हणजे पाच टक्के निरोगी लोक बाहेर पडणारच, व्याख्येनेच. आता तुम्ही ऑफरमध्ये फुल बॉडी चेकअप केलं. समजा एकमेकांशी संबंध नसलेल्या वीसच टेस्ट धरल्या तरी सगळ्याच्या सगळ्या रेंजमध्ये यायची शक्यता ३६ टक्के, गणित करून बघा, ०.९५ चा विसावा घात. म्हणजे ठणठणीत माणसाच्या कागदावर एखादं ठळक अक्षर असणं हेच जास्त संभवतं. एखादा आकडा जरासा बाहेर आणि एखादा रेंजच्या तिप्पट, दोन्हीला कॉम्प्युटर सारखंच ठळक करतो, त्याला अक्कल नसते.

पावसाळा संपत आला की प्लेटलेटचे फोन. डेंग्यूने सगळ्यांना एवढं कळलंय की प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात. मग एखाद्या लॅबचा रिपोर्ट येतो, प्लेटलेट काउंट १५०, आणि घरात बोंब, लाखाच्या जागी दीडशेच राहिल्या! शेजारी युनिट बघा, १० चा तिसरा घात प्रति मायक्रोलिटर, म्हणजे हजारात. दीडशे हजार म्हणजेच दीड लाख. मी तर म्हणते लॅबवाल्यांनी लाखात लिहावं, आपल्याकडे कोण हजारात मोजतं.

विडाल टेस्ट. "टायफॉइड निघाला" असं जे म्हणतात त्यातल्या बऱ्याच जणांची हीच टेस्ट झालेली असते. १८९६ सालची, फर्नांड विडाल या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाची. ती टायफॉइडचे जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी शोधते, आणि आपल्याकडे त्या जुन्या संसर्गाने, लसीने, कधी दुसऱ्याच तापानेही असू शकतात. म्हणून १:८० वगैरे एका आकड्यावर काही ठरत नाही, ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं, जास्त भरवशाचं. तरी "थोडासा टायफॉइड आहे" हे ऐकायला मिळतंच. थोडासा टायफॉइड म्हणजे काय ते मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

आता जरा नाजूक. डॉक्टर तपासणीला पाठवताना चिठ्ठीवर "आर/ओ" लिहितात, रूल आउट. आर/ओ सीए म्हणजे कॅन्सर नाही ना एवढं तपासून द्या. सीए म्हणजे कार्सिनोमा, हे हल्ली सगळ्यांना माहीत झालंय त्यामुळे चिठ्ठी हातात पडली की माणूस रिक्षातच निम्मा होतो. ती शंका आहे, निदान नाही. आधी प्रश्नचिन्ह टाकून पुढे रोग लिहिलेला असेल तरी तेच. आणि "कॉक्स" दिसलं तर तो टीबी, १८८२ साली टीबीचा जंतू दाखवून देणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्यावरून. टीबी असा शब्द पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर उच्चारायला नको म्हणून ही सोय, तसंच कुष्ठरोगाला हॅन्सन्स. हेतू चांगला असेल, पण मला हे फारसं पटत नाही. ज्याला सहा-सहा महिने न चुकता गोळ्या घ्यायच्या त्याला रोगाचं नाव माहीत नको? एक बाई मला म्हणाल्या, "टीबी नाही हो मला, नुसतं कॉक्स आहे."

गरोदर बायकांच्या फाइलवर जी२ पी१ एल१ ए० असं काहीतरी असतं. किती वेळा दिवस राहिले, किती बाळंतपणं, किती मुलं हयात, आणि ए म्हणजे अबॉर्शन. इथे एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः सासरच्यांनी समजून घ्यावी अशी आहे. डॉक्टरी भाषेत अबॉर्शन म्हणजे आपोआप पडलेला गर्भही. स्पाँटेनियस अबॉर्शन, मिस्ड अबॉर्शन, यात त्या बाईने काहीही केलेलं नसतं, मिस्डमध्ये तर बाळाची वाढ थांबल्याचं तिला सोनोग्राफीच्या टेबलावरच कळतं. ठरवून केलेल्याला सहसा एमटीपी (मेडिकल टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी) लिहितात, १९७१ च्या कायद्याचं नाव तेच. मराठीत आपण पडला आणि पाडला यात केवढा फरक करतो, आणि फाइलवरच्या त्या ए मध्ये दोन्ही एकत्र. काउंटरसमोर एका सासूबाईंनी भर लोकांत सुनेला विचारलं, "हे अबॉर्शन कधी केलंस तू?" आणि ती मुलगी नुसती उभी. मी त्या दिवशी नियम मोडून सांगितलं की काकू, ते आपोआप झालेलंही असंच लिहितात. मोडला तर मोडला.

औषधाच्या चिठ्ठीचं पटकन सांगते. ओडी एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. सगळं लॅटिन. एसओएस म्हणजे बुडत्या जहाजाची हाक नव्हे, गरज पडली तरच घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांचं ओडी मात्र उजवा डोळा, तेव्हा ड्रॉप्सच्या चिठ्ठीवर ओडी असेल तर विचारून घ्या. एक मात्र जीव तोडून सांगते, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. कुठला वार ते मेडिकलवाल्याकडून पाकिटावर मराठीत लिहून घ्या.

एवढं डॉक्टरांच्या भाषेबद्दल झालं, पण आपली भाषा तरी कुठे सरळ आहे. पित्त घ्या. छातीत जळजळ म्हणजे पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, उलटीत पिवळं पडलं तरी पित्त, डोकं दुखलं तरी पित्त, आणि पित्ताशयात खडे झाले की मग खरंखुरं पित्त. पित्ताशयाच्या खड्यांना पाच वर्षं आमसुलाचं पाणी घेणारी माणसं मी पाहिलीत. मूळव्याधही तसंच, पाइल्स असो, फिशर असो, भगंदर असो, लाजेखातर सगळ्याला मूळव्याध, आणि उपचार तिन्हींचे वेगळे.

"चक्कर येते" म्हटलं तर डॉक्टर गिडिनेस लिहून मोकळे होतात. पण मराठीत आपल्याकडे किती नेमके शब्द आहेत! कुशीवर वळलं की खोली गरगरते, हे बऱ्याचदा कानाच्या आतल्या भागाचं दुखणं. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तिथे बीपी उतरतंय का ते बघतात. आणि चालताना तोल जातो, झोकांड्या जातात, हे आणखी वेगळं. दुखण्याचंही असंच, ठणकतं, कळ येते, चमक निघते, आग होते, मुंग्या येतात, भरून येतं, रग लागते. मूतखड्याची कळ आणि गळवाचा ठणका ज्याने भोगलाय त्याला फरक विचारा. हे शब्द तसेच वापरा, समोरचे डॉक्टर बाहेरच्या राज्यातले असतील तर हाताने दाखवा, पण "दुखतंय" एवढ्यावर सोडू नका.

सगळ्यात जास्त हे छातीच्या बाबतीत. डॉक्टर विचारतात छातीत दुखतंय का, पेशंट प्रामाणिकपणे नाही म्हणतो, कारण त्याला दुखत नसतंच, छातीवर कुणी बसल्यासारखं जड वाटत असतं, जबडा आवळल्यासारखा, डावा हात भरून आलेला, अंगाला दरदरून घाम. मग घरचे म्हणतात काल मिसळ खाल्ली होती, पित्त झालं असेल, सोडा द्या. बाई आणि डायबेटिस असलेली माणसं यांच्यात तर नुसता दम किंवा मळमळ एवढंच असू शकतं. तेव्हा १०८ ला फोन लावा, वाटतंय ते सगळं जसंच्या तसं सांगा, आणि ईसीजी होईपर्यंत पित्त हा शब्द तोंडातून काढू नका.